'द वेस्ट लँड'मधला 'द द द' गटवाचनात कसा घ्यावा?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या वाचनगटात जूनच्या चार रविवारी टी. एस. एलियटची इंग्रजी कविता 'द वेस्ट लँड' (१९२२) घ्यायची आहे. बैठक दोन तासांची, माणसं बारा. निम्म्यांचं शिक्षण मराठी माध्यमातलं, तिघांना संस्कृत बरं येतं, पाली कुणालाच नाही. तिसरा भाग बुद्धाच्या प्रवचनाशी आणि पाचवा भाग उपनिषदाशी ताडून वाचायचा, आणि शेवटी मर्ढेकर, असा बेत आहे. तयारीत चार ठिकाणी अडलंय.

१) एलियटने स्वतःच्या टीपेत मेघगर्जनेच्या गोष्टीचा पत्ता 'बृहदारण्यक ५, १' असा दिलाय. तिथे ती गोष्ट सापडत नाही.
२) उपनिषदातला क्रम त्याने बदललाय. ही चूक की मुद्दाम?
३) 'शान्तिः'ने कविता संपते, म्हणजे कवीचं आध्यात्मिक संकट मिटलं असं धरायचं का? बऱ्याच गाइडांत तसं दिलंय.
४) मर्ढेकरांना एलियटच्या शेजारी बसवणं कितपत रास्त?

जाणकारांनी नेमकं सांगावं, ही विनंती.

संगममाहुली (सातारा)

पहिल्या दोन प्रश्नांपुरतं लिहितो, शेवटी तिसऱ्याकडेही वळतो.

पत्ता चुकलाय तो एलियटचा, तुमचा नाही. गोष्ट पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या ब्राह्मणात (उपनिषदात उपविभागाला ब्राह्मण म्हणतात) आहे, म्हणजे ५.२. पहिल्या ब्राह्मणात 'पूर्णमदः पूर्णमिदम्' लागतं, त्यामुळे टीपेवर विश्वास ठेवून जाणारा माणूस तिथेच घुटमळतो. त्याच टीपेत डॉयसनच्या जर्मन अनुवादाचं पान ४८९ दिलंय. एलियटकडे अनुवाद होता, पण तो केवळ अनुवादावर अवलंबून नव्हता. हार्वर्डमध्ये १९११ ते १९१३ तो लॅनमन यांच्याकडे संस्कृत शिकला आणि वुड्स यांच्याकडे पतंजली वाचला.

आता गोष्ट. देव, मनुष्य आणि असुर ही प्रजापतीची तीन लेकरं. ब्रह्मचर्य पाळून झाल्यावर देव म्हणतात, आम्हाला उपदेश करा. प्रजापती एकच अक्षर उच्चारतो, 'द', आणि विचारतो, 'व्यज्ञासिष्टा३ इति'. त्या शब्दातला ३ हा आकडा छपाईची चूक समजून कुणी गाळू नये. ती प्लुताची खूण आहे. प्रश्न विचारताना शेवटचा स्वर तीन मात्रा ताणायचा: 'समजलं काऽऽ?' देव म्हणतात, समजलं, 'दाम्यत' असं सांगितलंत. प्रजापती म्हणतो, 'ओम्', बरोबर समजलात. मग मनुष्यांना तोच 'द', त्यांना ऐकू येतं 'दत्त'. असुरांना तोच 'द', त्यांना ऐकू येतं 'दयध्वम्'. तिन्ही वेळा प्रजापती 'ओम्' म्हणून शिक्कामोर्तब करतो. शेवटी उपनिषद म्हणतं की आकाशातला गडगडाट आजही हेच 'द द द' म्हणतोय.

तिन्ही क्रियापदं आज्ञार्थी, मध्यमपुरुषी, बहुवचनी आहेत. फळ्यावर असं लिहा:
दाम्यत : दम् धातू, चौथा गण : (स्वतःला) आवरा
दत्त : दा धातू, तिसरा गण : द्या
दयध्वम् : दय् धातू, पहिला गण, आत्मनेपद : दया करा

मराठी वाचक हमखास घसरतो तो 'दत्त'वर. औदुंबर आणि नृसिंहवाडी हाकेवर असलेल्या आपल्या भागात 'दत्त' कानावर पडला की डोळ्यांसमोर दत्तगुरूच उभे राहतात. ते 'दत्त' भूतकालवाचक विशेषण आहे, 'दिलेला'. इथलं 'दत्त' हे आज्ञार्थी क्रियापद, 'द्या'. रूप एक, व्याकरण वेगळं. हे पहिल्या दहा मिनिटांत स्पष्ट केलं नाही तर पुढचा तासभर कुणीतरी अत्रिऋषींची कथा जोडत बसतं.

दुसरी घसरण 'दाम्यत'ची. एलियटने टीपेत त्याला जो इंग्रजी शब्द दिलाय त्याचं मराठी लोक 'नियंत्रण करा' असं करतात. मग वाटतं की दुसऱ्यावर नियंत्रण. उपनिषदातला दम आपल्याच इंद्रियांचा. 'आवरा' हा आपला शब्द तिथे चपखल बसतो.

क्रमाबद्दल. 'एलियटने क्रम उलटा केला' असं बरेच जण लिहितात, ते खरं नाही. मुळात दाम्यत, दत्त, दयध्वम् आहे. एलियटमध्ये दत्त, दयध्वम्, दाम्यत. म्हणजे पहिल्या जागेवरचा देवांचा उपदेश उचलून शेवटी नेला, बाकी दोघांची आपापसातली जागा तशीच. मुळाप्रमाणे देवांपासून सुरुवात न करता तो माणसापासून करतो. ही चूक नव्हे. शिवाय त्याच्या कवितेत देव, मनुष्य, असुर अशी तीन मंडळी उरतच नाहीत, तिन्ही आज्ञा एकाच माणसावर येऊन पडतात. याला आपल्याकडे आधार आहे. याच जागेवरच्या भाष्यात शंकराचार्य म्हणतात की देव आणि असुर माणसांहून वेगळे कुणी नाहीत असंही समजता येईल: ज्यांना आवर नाही ते देव, जे लोभी ते मनुष्य, जे क्रूर ते असुर. एवढा भाग मराठी भाष्यानुवादातून वाचून दाखवा.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: एलियटने गोष्टीतून 'ओम्' काढून टाकलाय. गडगडाट होतो, अर्थ लावला जातो, पण 'बरोबर समजलात' असं सांगणारा कुणी नाही. कवितेच्या शेवटीही तेच. शांतिपाठ म्हणताना आपण 'ॐ शान्तिः शान्तिः शान्तिः' म्हणतो. त्याच्याकडे नुसतं तीनदा 'शान्तिः'. संकट मिटलं का, याचं उत्तर या गाळलेल्या अक्षरात शोधावं.

घाटमाथा

संगममाहुलींचं व्याकरण आणि पत्ता दोन्ही चोख. 'ओम्'च्या मुद्द्यावर मात्र थोडं सावध राहायला हवं. शेवटच्या ओळीत ॐ नाही एवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, तो आवाजाच्या सोयीसाठीही गाळला असेल. टीपेत एलियट तीनदा आलेल्या 'शान्तिः'ला उपनिषदाचा रीतसर शेवट म्हणतो. पुरावा हवा तर पाचव्या भागातल्या तीन उत्तरांत बघा, तिथे तो ठसठशीत आहे.

कवितेत 'द' हा इंग्रजी 'DA' होऊन येतो. प्रत्येक 'डा'नंतर एक संस्कृत शब्द येतो आणि मग त्याला उत्तर. ही उत्तरं गटाने ओळीओळीने घ्यावीत, घाई करू नये.

'दत्त': आपण काय दिलं? एका क्षणाचं समर्पण, जे आयुष्यभराच्या शहाणपणानेही परत घेता येत नाही. हे मृत्युलेखात सापडणार नाही, रिकाम्या खोल्यांत वकील मृत्युपत्राचं सील फोडेल त्यातही नाही. इथे निदान काहीतरी दिलं गेलंय. तिन्हींत सर्वात होकारार्थी उत्तर हेच.

'दयध्वम्': दारात किल्ली एकदाच फिरल्याचा आवाज. प्रत्येकजण आपापल्या कोठडीत, आणि किल्लीचा विचार करत राहिल्यानेच कोठडी पक्की होते. टीपेत दोन दुवे आहेत: दान्तेच्या नरकातला मनोऱ्यात कोंडलेला उगोलिनो आणि ब्रॅडली हा तत्त्वज्ञ. ब्रॅडलीवर एलियटने प्रबंध लिहिला होता. माणसाचा अनुभव त्याच्यापुरता बंद वर्तुळात असतो, हा तिथला विचार. मग दया करायची कशी? दुसऱ्यापर्यंत पोचताच येत नाही. उपनिषदात असुर 'समजलं' म्हणतात आणि गोष्ट पुढे जाते. इथे आज्ञा समजते, पण ती पाळायला वाट नाही.

'दाम्यत': शांत समुद्र, सराईत हात, शीड आणि वल्ह्याला आनंदाने साथ देणारी होडी. गाइडवाले हिला मोक्षाची प्रतिमा म्हणतात. क्रियापदं तपासा. होडीने साथ *दिली*. पण तुझ्या हृदयाने साथ *दिली असती*. हा संकेतार्थ आहे. बोलावलं असतं तर दिली असती, म्हणजे बोलावलं नाही. शिवाय संगममाहुली म्हणतात तो स्वतःचा दम इथे नाहीच. हात एकाचा आणि हृदय दुसऱ्याचं. उपनिषदातून शब्द घेतला आणि त्याचं कर्म बदललं. मराठी अनुवाद करताना हे 'असती' निसटलं की अख्खी कविता चुकीच्या जागी संपते.

त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: मिटलेलं नाही. 'शान्तिः'च्या आधीच्या ओळींत बघा. इंग्रजी बालगीत, दान्तेची इटालियन, लॅटिन, नेर्व्हालची फ्रेंच, एका जुन्या नाटकातला वेडा सूडकरी, आणि मग 'दत्त. दयध्वम्. दाम्यत.' पडझडीला टेकू म्हणून लावलेले हे तुकडे आहेत, असं तो स्वतःच सांगतो. संस्कृतही त्यातलाच एक टेकू.

हा शेवटचा भाग त्याने १९२१च्या अखेरीस स्वित्झर्लंडमधल्या लोझानला लिहिला, मनाच्या उपचारांसाठी गेलेला असताना. एझ्रा पाउंडने बाकीच्या हस्तलिखितावर कात्री चालवली, हा भाग मात्र जवळपास तसाच ठेवला. संकट हा इथे केवळ अलंकार नाही, एवढं गटाला सांगा आणि पुढे चला. चरित्रात अर्धा तास घालवू नका.

आणखी एक. मराठी अनुवादातून वाचणार असाल तर संस्कृत शब्द वेगळ्या ठशात छापा. इंग्रजी वाचकाला 'शान्तिः' परका, न कळणारा आवाज म्हणून ऐकू येतो. आपल्याला तो शाळेच्या प्रार्थनेपासून पाठ. देवनागरीत तो आजूबाजूच्या मराठीत मिसळून जातो आणि कवितेचा धक्काच नाहीसा होतो. 'शांती' असं मराठी रूपही करू नका, विसर्ग राहू द्या.

मिरज जंक्शन

तिसऱ्या भागाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. त्याचं 'द फायर सर्मन' हे शीर्षक बुद्धाच्या ज्या प्रवचनावरून आलंय ते पालीत 'आदित्तपरियाय सुत्त', संयुत्तनिकाय ३५.२८. स्थळ गयासीस, श्रोते हजार भिक्खू. हे हजार आधी अग्निपूजक जटिल, म्हणजे जटाधारी तपस्वी, होते, म्हणून बुद्धाने अग्नीचीच उपमा घेतली. ज्या अग्नीला तुम्ही पूजत होतात तोच डोळ्यात, कानात, मनात पेटलाय, असं त्यांना सांगणं किती नेमकं आहे! हा संदर्भ गटाला आधी द्या, नाहीतर 'आग' ही नुसती वासनेची ढोबळ प्रतिमा होऊन बसते.

पाली येत नसली तरी अडत नाही, सुत्त जेमतेम दोन पानांचं आहे. रचना अशी: 'सब्बं, भिक्खवे, आदित्तं', सगळं पेटलंय. सगळं म्हणजे काय? डोळा, रूप, डोळ्याची जाणीव, त्यांचा स्पर्श, त्यातून उठणारी वेदना, म्हणजे सुखदुःखाची जाणीव. मग हेच कान, नाक, जीभ, काया, मन यांना लावायचं, एकूण सहा फेऱ्या. कशाने पेटलंय? रागाने, दोसाने, मोहाने. इथे 'राग' म्हणजे आसक्ती, आपला संताप नव्हे, आणि 'दोस' म्हणजे द्वेष. मराठी वाचक दोन्ही ठिकाणी चुकतो. मग उत्तरार्ध: हे पाहणाऱ्याला निब्बिदा, म्हणजे उबग, येते, निब्बिदेतून विराग, विरागातून विमुक्ती. आणि प्रवचन चालू असतानाच त्या हजार भिक्खूंची चित्तं आसवांपासून, म्हणजे मनाच्या मळांपासून, मुक्त झाली, असं सुत्ताच्या शेवटी सांगितलंय.

आता एलियट. भागाच्या अखेरीला 'जळतंय' हा शब्द चारदा. मग संत ऑगस्टीनची प्रार्थना, प्रभू तू मला उपटून बाहेर काढतोस; दुसऱ्यांदा ती 'मला बाहेर' पर्यंत पोचतही नाही, अर्ध्यात तुटते. आणि शेवटी एकटा 'जळतंय'. पौर्वात्य आणि पाश्चात्त्य वैराग्याचे हे दोन प्रतिनिधी शेजारी ठेवले ते योगायोगाने नाही, असं तो टीपेत लिहितो. पण सुत्तातला पूर्वार्धच त्याने घेतलाय. निब्बिदेपर्यंतसुद्धा कविता जात नाही. हे संगममाहुलींच्या 'ओम्'शी जुळतं: निदान घेतलं, औषध नाही. घाटमाथांना एका अक्षराचा पुरावा पुरत नसेल, तर दोन वेगवेगळ्या ग्रंथांतून नेमका शेवटच गाळला जाणं हा बळकट पुरावा धरावा.

इंग्रज कवी स्टीफन स्पेंडरने नोंदवून ठेवलंय की 'वेस्ट लँड' लिहीत असताना बौद्ध होण्याचा विचार आपण गंभीरपणे केला होता, असं एलियट म्हणाला होता. प्रत्यक्षात १९२७ला त्याने अँग्लिकन दीक्षा घेतली. आणि पुढे 'आफ्टर स्ट्रेंज गॉड्स'मध्ये (१९३४) त्याने मोकळेपणाने लिहिलं की भारतीय विचाराच्या गाभ्यात शिरायचं तर अमेरिकन किंवा युरोपीय माणसासारखं विचार करणं आणि अनुभवणं विसरावं लागेल, आणि ते आपल्याला करायचं नव्हतं. 'एलियटने वेदान्त स्वीकारला' असं अभिमानाने सांगितलं जातं तेव्हा हे वाक्य समोर ठेवावं. त्याच्या प्रामाणिकपणाचा मान त्यात जास्त राहतो.

कृष्णाकाठ (सांगली)

मनापासून आभार. 'दिली असती'कडे माझं लक्षच गेलं नव्हतं. दोन पुरवण्या. तीनदा 'शान्तिः' का, हे साध्या शब्दांत कसं सांगावं? आणि मर्ढेकरांचं राहिलं.

वाईकर वाचक

ताई, 'शान्तिः'साठी लांब जायची गरज नाही, सज्जनगड गाठा. तीन शान्ती तीन तापांसाठी, ही परंपरेतली संगती. समर्थांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात प्रत्येक तापाला एकेक समास दिलाय: सहावा आध्यात्मिक ताप, सातवा आधिभौतिक, आठवा आधिदैविक. देहाचे रोग आणि मनाची तळमळ पहिल्यात; साप, विंचू, माणसं, दुष्काळ यांपासूनची दुःखं दुसऱ्यात; मेल्यानंतरची यमयातना तिसऱ्यात. आधिदैविकाचा अर्थ इतरत्र वीज-वादळासारख्या दैवी आपत्ती असा लावतात, समर्थांचा वेगळा आहे, तो फरक सांगून टाका. सहाव्या समासातली रोगांची जंत्री मोठ्याने वाचून दाखवा. ताप हा शब्द किती अंगाला भिडणारा आहे ते कळतं, आणि मग एलियटच्या तीन 'शान्तिः'समोर कोणते ताप उभे आहेत हे गट स्वतःच शोधतो.

मर्ढेकरांबद्दल. शेजारी बसवा, पण 'मराठीतला एलियट' हे लेबल लावू नका. 'काही कविता' (१९४७) आणि 'आणखी काही कविता' (१९५१) यांतलं यंत्रयुग, चिरडलेली माणसं आणि श्रद्धेची पोकळी एलियटच्या जगाशी नातं सांगतात, आणि मर्ढेकरांनी इंग्रजी आधुनिक कविता कसून वाचली होती. फरक आहे तो साधनांत. एलियटला संकट बोलून दाखवायला परक्या भाषेतला मंत्र आणावा लागला. मर्ढेकरांनी तुकोबा-रामदासांचा घरातलाच साचा घेतला, अभंग-ओवीचा. मराठी वाचकाच्या ओठावर त्या लयीबरोबर श्रद्धा आपोआप येते, आणि आत मजकूर असतो श्रद्धा हरवल्याचा. लय हो म्हणते आणि शब्द नाही म्हणतात. ही ताकद एलियटला त्याच्या संस्कृतातून मिळणं शक्यच नव्हतं.

ते कानाने पटवायचं. 'पिपांत मेले ओल्या उंदिर' ही ओळ फळ्यावर मात्रा मांडून मोजा: पि १, पां २, त १, मे २, ले २, ओ २, ल्या २, उं २, दि १, र १. सोळा मात्रा, म्हणजे पादाकुलक वृत्त. टाळीवर म्हणता येईल अशा चालीत मेलेले उंदीर. आधी सगळ्यांनी टाळीवर म्हणा, मग टाळी थांबवून नुसतं वाचा. त्यानंतर 'भंगु दे काठिन्य माझे' घ्या. तिथे प्रार्थना खरी आहे, 'तू' कोण ते न सांगता केलेली, आणि मागणं आहे ते आपल्याच वाणीसाठी. एलियटची प्रार्थना अर्ध्यात तुटते, ही पूर्ण होते. का, यावर अर्धा तास सहज जाईल.

वेळ उरला तर आयरिश कवी येट्सचा एक धागा, त्यात मराठी थेट आहे. भगवान हंस यांचं कैलास-मानसरोवर यात्रेचं मराठी पुस्तक श्रीपुरोहित स्वामींनी इंग्रजीत आणलं, ते १९३४ला येट्सच्या प्रस्तावनेसह निघालं. त्याच काळातलं येट्सचं 'मेरू' हे सुनीत त्या वाचनातून आलेलं आहे. पुढे त्या दोघांनी मिळून दहा उपनिषदांचं इंग्रजी भाषांतर केलं, १९३७. आधी विश्वकोशातली उपनिषदांवरची नोंद वाचून ठेवा, पाया पक्का होतो.

घाटमाथा

बैठकांची वाटणी सुचवतो. पहिल्या बैठकीत अख्खी कविता एकदा मोठ्याने, न थांबता. ४३४ ओळी, पंचवीस ते तीस मिनिटं. अर्थ विचारायचा नाही. उरलेल्या वेळात पहिला भाग. इथे एक इशारा: एप्रिल क्रूर आहे या पहिल्याच ओळीला आपल्याकडचे वाचक चैत्र-वैशाखाचं ऊन समजतात. तिथे एप्रिल म्हणजे वसंत, मेलेल्या जमिनीतून फुलं उगवतात, आणि निपचित पडलेल्याला जागं व्हावं लागतं म्हणून तो क्रूर. हे उलटं लागलं की पाचव्या भागातल्या पावसाचा अर्थही उलटा लागतो.

दुसरी बैठक पूर्ण तिसऱ्या भागाला आणि सुत्ताला. दुसरा भाग घरी वाचायला द्या. चौथा दहाच ओळींचा, तो तिसऱ्याला जोडून घ्या. तिसरी बैठक फक्त पाचवा भाग: चाळीस मिनिटं बृहदारण्यक ५.२, बाकी सगळा वेळ तीन उत्तरांना. चौथी मर्ढेकर. एलियटच्या पुढच्या 'ड्राय सॅल्व्हेजेस' या कवितेतला (१९४१) कृष्ण या चार बैठकांत कोंबू नका. तो घ्यायचा तर गीतेच्या आठव्या अध्यायातला सहावा आणि सातवा श्लोक एकत्र लागतो. सहावा अंतकाळाबद्दल आहे, सातवा 'सर्वेषु कालेषु' म्हणतो, आणि मृत्यूची वेळ म्हणजे प्रत्येक क्षण ही एलियटची ओळ सातव्याच्या जास्त जवळ आहे. त्याला वेगळी बैठक हवी.

संगममाहुली (सातारा)

घाटमाथांचा आक्षेप मान्य. शेवटच्या ओळीतला ॐ एकटा पुरावा म्हणून मांडू नये, सुत्ताचा गाळलेला शेवट आणि ते 'असती' यांच्यासोबतच मांडावा.

पावसाचं एक राहिलं. गडगडाटाच्या आधी दमट वारा येतो, पाऊस घेऊन आल्यासारखा. लगेच पुढच्या ओळीत गंगा खोल गेलेली, पानं मरगळून वाट बघत, काळे ढग दूर हिमवंतावर. मग मेघ बोलतो. सर पडल्याची ओळ त्यानंतर कुठेच नाही. 'गर्जेल तो पडेल काय' ही म्हण जतच्या आणि माणच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तिसऱ्या बैठकीत गटाला एवढंच काम द्या: कवितेत पाऊस नेमका कोणत्या ओळीत पडतो, ती पेन्सिलीने खूण करा. दहा मिनिटं शोधू द्या, मध्ये बोलू नका.